पगारात चूक आढळली तर काय करावे: गोव्यात नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी

वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका मोठ्या कारखान्यात मी रुजू झालो, तेव्हा पहिल्या दोन महिन्यांत माझ्या तीन दिवसांच्या वेतनाला कात्री लागली होती आणि ते मला तिसऱ्या महिन्यात कळले. दर तिसऱ्या आठवड्याला माझी रात्रपाळी असे. रात्री साडेदहाला आत जाताना मी कार्ड लावीत असे आणि सकाळी सातला बाहेर पडताना पुन्हा लावीत असे. यंत्राच्या लेखी मात्र दिवस मध्यरात्री संपत होता. त्यामुळे आठवड्याच्या पहिल्या रात्रीच्या तारखेला आत गेल्याची नोंद होती, बाहेर पडल्याची नव्हती, आणि ती तारीख ‘गैरहजर’ म्हणून पुढे जात होती. त्या तीन रात्री मी यंत्रासमोर उभा राहून काढल्या होत्या आणि पगारपत्रकात मी घरी होतो.

पुढे त्याच कारखान्याच्या टाइम ऑफिसात माझी बदली झाली आणि बारा वर्षे मी स्वतः हजेरीच्या फाइली तयार केल्या. तेथे एक गोष्ट पक्की समजली. मोठ्या कंपनीत पगाराची चूक बहुधा कोणी हेतुपुरस्सर करीत नाही. हजेरी एकीकडे नोंदली जाते, मंजुरी दुसरीकडे मिळते, हिशेब तिसऱ्या शहरातील मुख्य कार्यालयात किंवा बाहेरच्या एजन्सीत होतो, आणि ज्याने काम केले त्याला ओळखणारा माणूस या साखळीत कोठेच नसतो. तरीही पैसे जातात ते कामगाराचेच, म्हणून आपल्या पगाराचा हिशेब आपण स्वतः मांडायला शिकले पाहिजे. हा लेख त्यासाठी आहे.

कंपनी मोठी आहे, संगणकावर सगळे होते, मग चूक कशी होईल, असे नव्या मुलांना वाटते. कॅनडा सरकारने २०१६ साली आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ‘फिनिक्स’ नावाची वेतनप्रणाली सुरू केली आणि हजारो कर्मचाऱ्यांना कमी पगार, जास्त पगार किंवा अजिबात पगार नाही, अशी स्थिती अनेक महिने भोगावी लागली. ऑस्ट्रेलियातील वूलवर्थ्स या बड्या किराणा साखळीने ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर केले की, वार्षिक पगारावर असलेल्या सुमारे ५,७०० कर्मचाऱ्यांना अनेक वर्षे कमी वेतन दिले गेले होते. प्रत्यक्ष काम केलेल्या तासांचा मेळ ठरलेल्या पगाराशी कोणी घातलाच नव्हता. तेव्हा कंपनीचा आकार पाहून निर्धास्त राहू नये.

पहिली पायरी: रुजू होतानाचे कागद

नेमणूकपत्र हातात घेतल्याशिवाय कामाला सुरुवात करू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांनुसार प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. पत्रात आपला हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, मूळ वेतन, महागाई भत्ता, इतर भत्ते आणि कामाचे तास हे सगळे आहे का, ते पाहावे. अकुशल, अर्धकुशल, कुशल यांपैकी कोणत्या वर्गात आपली नोंद झाली आहे, हेही विचारून घ्यावे. किमान वेतन या वर्गावर अवलंबून असते. आयटीआय करून आलेल्या मुलाची नोंद घाईगडबडीत अकुशल म्हणून झाली, तर ती चूक दर महिन्याला निमूटपणे पुढे चालत राहते, कारण संगणकाच्या दृष्टीने तेथे काहीच चुकलेले नसते.

‘सीटीसी’ या शब्दाने नवी मुले फसतात. कंपनीला तुमच्यावर वर्षभरात येणारा एकूण खर्च, असा त्याचा अर्थ. भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा, ग्रॅच्युइटीची, म्हणजे सेवा संपताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेची तरतूद, विम्याचा हप्ता हेही त्यात धरलेले असते. म्हणून सीटीसीला बाराने भागून येणारी रक्कम बँकेत जमा झाली नाही, तर ती चूक नव्हे. मुलाखतीच्या वेळीच ‘हातात किती येतील’ असा सरळ प्रश्न विचारावा आणि उत्तर कागदावर मागावे.

दुसरी पायरी: स्वतःची वही

एक साधी वही घ्या, मोबाइलमध्ये लिहिले तरी चालेल. तारीख, पाळी, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, जादा काम आणि ते कोणी सांगितले, एवढे रोज लिहायचे. बस वसाहतीच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत हे लिहून होते. रजेचा अर्ज केला तर मंजुरीच्या संदेशाचे छायाचित्र काढून ठेवावे. कार्ड लागले नाही, यंत्र बंद होते, बोटाचा ठसा उमटला नाही, असे झाल्यास त्याच दिवशी पाळीप्रमुखाकडून हजेरी दुरुस्तीचा अर्ज सही करून घ्यावा. पंधरा दिवसांनी ती सही मिळवणे फार कठीण जाते. तेव्हा पाळीप्रमुखालाही आठवत नाही आणि तुम्हालाही खात्री राहत नाही. ज्यांच्याजवळ अशी वही होती, त्यांचे प्रकरण मी टाइम ऑफिसात दहा मिनिटांत मिटवले आहे. ज्यांच्याजवळ नव्हती, त्यांच्यापैकी काहींचे म्हणणे खरे असूनही मला त्यांच्यासाठी काही करता आले नाही, आणि ती बोच अजून आहे.

हजेरीचा महिना आणि कॅलेंडरचा महिना एकच असतो असे नाही, हे येथे सांगायला हवे. अनेक कंपन्यांत मागील महिन्याच्या २१ तारखेपासून चालू महिन्याच्या २० तारखेपर्यंतची हजेरी धरतात, कारण फाइल पुढे पाठवून हिशेब व्हायला आठवडा लागतो. म्हणून २५ तारखेला केलेले जादा काम त्या महिन्याच्या पगारपत्रकात दिसणार नाही, पुढच्या महिन्यात दिसेल. तुमच्या कंपनीची ही तारीख कोणती, ते पहिल्याच आठवड्यात विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पगाराची तारीख मात्र मालकाच्या सोयीवर सोडलेली नाही. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत मिळाले पाहिजे, असे या चार संहितांपैकी वेतन संहिता सांगते.

तिसरी पायरी: पगारपत्रक कसे वाचावे

बहुतेक जण पगारपत्रकाची शेवटची ओळ वाचतात, म्हणजे हातात येणारी रक्कम. चूक मात्र सहसा वरच्या ओळींत असते. वाचन दिवसांपासून सुरू करावे: हजर दिवस, साप्ताहिक सुट्या, पगारी रजा, सणाच्या सुट्या आणि बिनपगारी दिवस. यांची बेरीज महिन्याच्या दिवसांशी जुळते का, ते पाहावे. निवडणुकीच्या मतदानाचा दिवस मतदारांना पगारी सुट्टीचा असतो. तो दिवस बिनपगारी दाखवला असेल, तर विचारायलाच हवे.

बिनपगारी दिवसाची रक्कम कशाने भागून काढली आहे, हा पुढचा प्रश्न. समजा, मूळ वेतन ९,१०० रुपये आणि महागाई भत्ता ९,१०० रुपये, असे मिळून १८,२०० रुपये आहेत. २६ ने भागले तर एका दिवसाचे ७०० रुपये होतात, ३० ने भागले तर ६०६ रुपये ६७ पैसे. गैरहजेरी कापताना २६ ने भागायचे आणि शिल्लक रजेचे पैसे देताना ३० ने, असे दोन्हीकडून कामगाराच्या तोट्याचे सूत्र मी एका कंपनीच्या पगारपत्रकांत पाहिले आहे. कोणत्या सूत्राने हिशेब केला, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

सर्वांत जास्त चुका जादा कामात, म्हणजे आपण ज्याला ओटी म्हणतो त्यात होतात, म्हणून त्यावर थोडे थांबू. जादा कामाचा दर सामान्य दराच्या दुपटीहून कमी असता कामा नये, हा नियम आहे. वरचेच उदाहरण घ्या. दिवसाचे ७०० रुपये, आठ तासांनी भागले की तासाला ८७ रुपये ५० पैसे, आणि दुप्पट म्हणजे १७५ रुपये. बारा तास जादा काम केले असेल, तर २,१०० रुपये मिळाले पाहिजेत. आता हिशेब करणाऱ्याने महागाई भत्ता सोडून फक्त मूळ वेतन धरले, तर दिवसाचे ३५० रुपये, तासाला ४३ रुपये ७५ पैसे आणि त्याची दुप्पट ८७ रुपये ५० पैसे होते. म्हणजे पगारपत्रकावर ‘दुप्पट दर’ असे लिहिलेले असूनही कामगाराला प्रत्यक्षात एकपटच मिळते, आणि बारा तासांमागे १,०५० रुपये जातात. पगारपत्रकात फक्त एकूण रक्कम छापलेली असल्यामुळे हे नजरेला पडत नाही. तास आणि दर दोन्ही स्वतः काढून पाहिल्याशिवाय ही चूक सापडत नाही.

महागाई भत्त्याचे आणखी एक आहे. गोव्यात किमान वेतनासोबतचा बदलता महागाई भत्ता एप्रिल आणि ऑक्टोबर असा वर्षातून दोनदा बदलतो. मुख्य कार्यालय गोव्याबाहेर असेल, तर नवा दर प्रणालीत उशिरा भरला जातो. तसे झाल्यास मधल्या महिन्यांचा फरक ‘थकबाकी’ या ओळीखाली यायला हवा. मे आणि नोव्हेंबरच्या पगारपत्रकांत ती ओळ शोधावी, आणि भत्ता वाढलेला दिसत असून थकबाकी दिसत नसेल, तर ते टिपून ठेवावे.

कपातींच्या बाजूला एक चूक खास गोव्याची आहे. गोव्यात व्यवसाय कर आकारला जात नाही. महाराष्ट्रात तो आहे, बहुतेकांना महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असा. कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत किंवा पुण्यात असले आणि तुमची नोंद चुकून त्या कार्यालयाखाली झाली, तर वर्षाला २,५०० रुपये विनाकारण कापले जातात. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग येथून रोज गोव्यात कामाला येणाऱ्या मुलांच्या बाबतीत पत्ता महाराष्ट्राचा असल्यामुळे ही गफलत अधिक होते. काम गोव्यातील कारखान्यात असेल, तर पगारपत्रकावर ही ओळ असण्याचे कारण नाही.

दंड, नुकसानभरपाई, कॅन्टीन, बस, गणवेश अशा कपातींना मर्यादा आहे. एका वेतनमहिन्यात दंडाची एकूण रक्कम वेतनाच्या तीन टक्क्यांहून जास्त असू शकत नाही, नुकसानीची कपात कामगाराला म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावरच करता येते, आणि सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या पन्नास टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. कॅन्टीन वा बस वापरत नसताना पैसे कापले जात असतील, तर ती सुविधा नको असल्याचे लेखी कळवावे. तोंडी सांगितलेले प्रणालीत कोणी बदलत नाही.

आयकराबद्दल थोडक्यात. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर भरावा लागत नाही आणि पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावटही मिळते. नव्याने लागलेल्या आणि महिन्याला वीस-पंचवीस हजार मिळवणाऱ्या मुलाच्या पगारातून आयकर कापला गेला असेल, तर बहुधा पॅन जोडलेले नसते किंवा चुकीचे जोडलेले असते.

चौथी पायरी: कापलेले पैसे जमा झाले का?

पगारपत्रकावर कपात दिसणे आणि ती रक्कम तुमच्या खात्यात जमा होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भविष्य निर्वाह निधीत कामगाराचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के जातात. १५,००० रुपयांच्या वेतनावर तुमचे १,८०० रुपये, मालकाच्या हिश्श्यातून पेन्शन योजनेत १,२५० रुपये आणि उरलेले ५५० रुपये निधीत, असे आकडे पासबुकात दिसले पाहिजेत. मालकाने ही वर्गणी पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. ‘उमंग’ अॅपवर किंवा नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ या क्रमांकावर मिस्ड कॉल देऊन शिल्लक पाहता येते. काही बड्या कंपन्यांचा स्वतःचा निधी न्यास असतो. तेथे हिशेबाचा उतारा कंपनीकडूनच मागावा लागतो.

आधी कोठे नोकरी केली असेल, तर जुनाच यूएएन, म्हणजे निर्वाह निधीच्या खात्याचा कायमचा क्रमांक द्या. दोन क्रमांक झाले की पैसे दोन ठिकाणी विखुरतात. आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि जन्मनोंदणीत तिसरे, असा प्रकार आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. आडनावाचे स्पेलिंग एका अक्षराने वेगळे असले, तरी निधी काढताना अर्ज परत येतो, म्हणून हे रुजू होतानाच जुळवून घ्यावे.

कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, २१,००० रुपयांपर्यंतच्या वेतनाला लागू होतो. कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. ज्या वेतनावर वर्गणी निघते ते १८,२०० असेल, तर तुमचे १३७ रुपये जातात. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन कालखंड असतात, आणि मध्येच पगार २१,००० च्या वर गेला तरी तो कालखंड संपेपर्यंत कपात चालू राहते. ही चूक समजून वाद घालू नये. खरा धोका वेगळा आहे. आजारपणात मिळणाऱ्या भत्त्यासाठी सहा महिन्यांच्या कालखंडात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. रात्रपाळीच्या नोंदी हरवून तुमचे दिवस ७४ दाखवले गेले, तर पगारात गेलेले दोन-तीन हजार बाजूलाच राहतात. पुढे मडगावच्या ईएसआय इस्पितळात दाखल होण्याची वेळ आली, तर उपचार होऊनही वेतनाच्या ७० टक्क्यांचा आजारपणाचा भत्ता हातचा जाऊ शकतो. म्हणून दिवसांची चूक रक्कम लहान असली तरी दुरुस्त करून घ्यायची.

पाचवी पायरी: लेखी विचारणा

चूक सापडली की लगेच रागाने कोणाच्या टेबलापाशी जाऊ नका. आधी टाइम ऑफिसातील माणसाला शांतपणे दाखवा. निम्म्या चुका तेथेच सुटतात. ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे उत्तर मिळाले, तर त्याच दिवशी ईमेल किंवा पोच घेऊन अर्ज द्या. अर्जात तक्रारीची भाषा कमी आणि आकडे जास्त असावेत. मी सहकाऱ्यांना लिहून देत असे, तो नमुना असा:

‘महोदय, माझा कर्मचारी क्रमांक अमुक आहे. दि. ४, ११ व १८ ऑक्टोबर रोजी दुसऱ्या पाळीनंतर प्रत्येकी चार तास, असे एकूण बारा तास मी जादा काम केले. पाळीप्रमुखांनी सही केलेल्या नोंदींच्या प्रती जोडल्या आहेत. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून माझे मासिक वेतन १८,२०० रुपये असून, २६ दिवस व आठ तास या हिशेबाने आणि दुप्पट दराने २,१०० रुपये होतात. पगारपत्रकात १,०५० रुपये दाखवले आहेत. फरकाचे १,०५० रुपये पुढील पगारात थकबाकी म्हणून जमा करावेत, अथवा माझ्या हिशेबात चूक असल्यास ती लेखी कळवावी, ही विनंती.’

शेवटचे वाक्य मुद्दाम आहे. त्यामुळे समोरच्या माणसाला चूक मान्य न करताही दुरुस्ती करण्याची वाट मिळते, आणि तुमचा हिशेब खरोखर चुकला असेल तर तोही कळतो. परिविक्षा कालावधीत (प्रोबेशनवर) असलेल्या मुलांना विचारण्याची भीती वाटते, आणि ती भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. अशा वेळी त्याच पाळीतील ज्या दोघा-तिघांच्या पगारात तीच चूक आहे, त्यांनी मिळून अर्ज द्यावा. कारखान्यात संघटना असेल, तर तिच्यामार्फत द्यावा. चूक प्रणालीतील असेल, तर ती एकट्या तुमची नसतेच. माझ्या रात्रपाळीच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा आणखी एकतीस जणांचे दिवस परत मिळाले.

जास्त पगार जमा झाला असेल, तर तेही लगेच कळवा. गप्प राहिलात तर चार-पाच महिन्यांनी सगळी रक्कम एकदम कापली जाते, आणि ती नेमकी चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या तोंडावर कापली गेल्याने गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानापासून घरच्यांच्या कपड्यांपर्यंत सगळ्याची ओढाताण झालेली घरे मी पाहिली आहेत. स्वतःहून कळवले तर हप्ते मागता येतात आणि ते सहसा मिळतात.

सहावी पायरी: कंपनीबाहेर दाद

लेखी अर्जाला एक-दोन पगार उलटूनही उत्तर आले नाही, तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जावे. ते पणजीत पाटो येथे श्रमशक्ती भवनात आहे. अर्ज मराठीत द्यायला संकोच करू नये. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी ही राजभाषा असली, तरी सरकारी कामकाजासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. खाणी, मुरगाव बंदर, बँका, रेल्वे ही क्षेत्रे केंद्र सरकारच्या श्रमयंत्रणेखाली येतात आणि त्या यंत्रणेचे कार्यालय वास्कोत आहे. चुकीच्या कार्यालयात अर्ज दिल्याने महिने वाया जातात, म्हणून आपले आस्थापन कोणाच्या अखत्यारीत येते, ते आधी विचारावे. निर्वाह निधीची तक्रार निधीच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर किंवा पणजीच्या कार्यालयात, आणि विम्याची ईएसआय महामंडळाकडे द्यावी.

सोबत नेमणूकपत्र, पगारपत्रके, बँकेचा उतारा, वहीची पाने आणि कंपनीला दिलेल्या अर्जाची पोच यांच्या प्रती न्याव्या. मूळ कागद कोणाकडेही सोडू नयेत. वेतन संहितेनुसार थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. तो स्वतः कामगार, त्याची संघटना किंवा निरीक्षक करू शकतो. दावा खरा ठरल्यास थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. वेतन दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारीही मालकावर आहे, कामगारावर नाही. नव्या मुलांना हे ठाऊक नसते आणि पुरावा अपुरा आहे असे समजून ती अर्जच करीत नाहीत.

कंत्राटदारामार्फत कामाला असलेल्यांना

औषधनिर्मिती, हॉटेले, सुरक्षा, साफसफाई या क्षेत्रांत पुष्कळ मुले कंत्राटदाराच्या नावावर असतात, आणि सर्वांत वाईट फसवणूक त्यांचीच होते. कंत्राटदाराने वेतन दिले नाही किंवा कमी दिले, तर ते देण्याची जबाबदारी मुख्य कंपनीवर येते. ‘तू आमचा नव्हेस’ हे उत्तर वेतनाच्या बाबतीत कायद्यात बसत नाही. अर्ज कंत्राटदाराच्या नावे लिहून त्याची प्रत मुख्य कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला अवश्य द्यावी. बहुतेक वेळा त्या प्रतीनेच काम होते, कारण कंत्राटदाराचे बिल त्या विभागातून मंजूर व्हायचे असते. दर वर्षी कंत्राटदार बदलला आणि तुम्ही त्याच यंत्रावर राहिलात, तर जुने प्रवेशपत्र आणि पगारपत्रके जपून ठेवा. सेवेची सलगता दाखवण्यासाठी ती उपयोगी पडतात.

नोकरी सोडताना

राजीनामा दिला, काढून टाकले किंवा कामगारकपातीत नोकरी गेली, कारण काहीही असो, देय वेतन दोन कामकाजी दिवसांत मिळाले पाहिजे. ‘पंचेचाळीस दिवसांनी हिशेब’ ही अनेक कंपन्यांत रुळलेली पद्धत आहे, आणि ती नव्या संहितेशी विसंगत आहे. शेवटच्या हिशेबात राहिलेल्या दिवसांचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, जादा काम, बोनस आणि पात्र असल्यास ग्रॅच्युइटी, या ओळी एकेक करून तपासाव्या. पात्र कामगाराला बोनस किमान ८.३३ टक्के असतो आणि वर्षात ३० दिवस काम केले असले तरी तो लागू होतो, त्यामुळे मध्येच नोकरी सोडली म्हणून तो बुडत नाही. ग्रॅच्युइटीला पाच वर्षे लागतात, मात्र ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना आता एका वर्षाच्या सेवेनंतरही ती मिळते.

‘मला काहीही येणे नाही’ असा छापील कागद सहीसाठी पुढे आला, तर रक्कम बँकेत जमा झालेली पाहिल्याशिवाय सही करू नका. घाई केली जात असेल, तर सहीशेजारी ‘हिशेब तपासण्याच्या अधीन’ असे हाताने लिहा आणि त्या कागदाचे छायाचित्र काढा. आणि हे सगळे होण्याआधी, राजीनामा देण्याच्या दिवशीच, कंपनीच्या पोर्टलवरील आपली सगळी पगारपत्रके उतरवून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, कारण शेवटच्या दिवशी ओळखपत्र परत घेतले जाते आणि पुष्कळदा घरी पोहोचण्यापूर्वीच लॉगिन बंद झालेले असते.